सर्व्हेअर येणार म्हणून

"इन्शुरन्सची कामं घ्यायची म्हणजे घ्यायची!" हुसैनमियाँनी टेबलावर मूठ आपटली, तसा आखातातल्या माबेला गावी त्यांच्या ऑफिसात चहाचा कप उडाला. "वादळात अर्ध्या माबेल्याची छपरं गेली. एक क्लेम नीट पार पडू दे, विमा कंपनी आपल्याला सोडायची नाही!"

"मला ते कागद-कागद जमत नाय," भागीदार शांताराम म्हणाला. वीस वर्षं दोघं मिळून छपरं घालत होते. मियाँ बोलायचे, शांताराम चढायचा.

शेवटी ठरलं, जैनुद्दीनच्या गोदामाचं एक काम करून बघायचं. जमलं तर पुढे, नाहीतर खलास! जैनुद्दीन मियाँच्याच गावचा, रत्नागिरीकडचा. क्लेम बुडाला तर गावात मियाँना तोंड दाखवायची सोय उरली नसती. तरी त्यांनी छातीवर हात ठेवून सांगून टाकलं, "तू निवांत झोप. क्लेम मी आणतो!"

बुधवारी त्यांनी शांतारामला फोन केला. "उद्या विम्याचे सर्व्हेअर गोदाम बघायला येतायत. मोठा माणूस आहे. काही कमी पडायला नको!"

"काळजीच नको," शांताराम म्हणाला आणि इथेच माशी शिंकली.

गुरुवारी सर्व्हेअर उल्हास पेठे फाइल, टेप आणि कॅमेरा घेऊन गाडीतून उतरले. गोदामाचं छप्पर उन्हात नव्या नवरीसारखं झळकत होतं! एक स्क्रू वाकडा नाही.

"नुकसान कुठंय?" पेठ्यांनी विचारलं. "मी बघेपर्यंत हात लावायचा नसतो हो!"

मियाँ गर्रकन वळले. "शांताराम, काय केलंस हे?"

"दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं! मोठा माणूस बघायला येणार आणि आपण फाटकं छप्पर दाखवायचं? लाज नाय वाटत?"

"फाटकंच दाखवायचं होतं रे! आधीचे फोटो तरी काढलेस?"

"फोटो काढले की!" शांतारामने मोबाइल पुढे केला. सात फोटो, सातही नव्या छपराचे. एकात स्वतः शांताराम, अंगठा वर!

"मग जुने पत्रे?" मियाँ रडकुंडीला आले.

"शेजारच्या मुनीरच्या बकऱ्यांच्या शेडवर घातले. वाया कशाला घालवायचे?"

वरात मुनीरकडे निघाली. पत्रे तेच होते, पण शांतारामने ठोकून सरळ केलेले, भोकं बुजवलेले. पेठ्यांनी वरून बादलीभर पाणी ओतून बघितलं. थेंब गळेल तर शपथ! खाली बकऱ्या मजेत रवंथ करत होत्या.

"नुकसान आढळले नाही," पेठ्यांनी फॉर्मवर लिहिलं. मियाँना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निदान विनवण्या कराव्यात म्हणून त्यांनी पेठ्यांना चहाला ऑफिसात आणलं. तेवढ्यात वर्षातून दोन-चारदाच पडणारा पाऊस सुरू झाला आणि छतातून एक टपोरा थेंब थेट फॉर्मवर पडला. मग दुसरा. मग धारच!

पेठे हरखले. "हे बघा, याला म्हणतात नुकसान! अस्सल! याचा क्लेम आत्ता करून देतो. पॉलिसी कुणाच्या नावावर?"

शांतारामने मुकाट्याने बादली आणून ठेवली. जागा त्याला पाठ होती.

"पॉलिसी काढली नाही," मियाँ पुटपुटले. "छपरं घालणाऱ्यांना विमा कशाला, म्हटलं!"

फोन वाजला. जैनुद्दीन होता. "मियाँभाई, तुम्ही म्हणालात म्हणून मस्त झोप काढली. क्लेम आणलात ना?"

मियाँनी फोनवर हात ठेवून हताशपणे शांतारामकडे बघितलं.

"त्यांना सांगा, छप्पर एकदम पक्कं झालंय," बादली सरकवत शांताराम म्हणाला. "झोपा म्हणावं अजून!"