गजूशेटच्या रंगाची खोली

छापखान्यात त्याला सगळे 'रंगराव' म्हणत, आणि तो ते कौतुकच समजत असे! छापून आलेला कागद नाकापाशी धरायचा, एक डोळा मिटायचा आणि जाहीर करायचं, "निळा चढलाय!" मशीनवाले कपाळाला हात लावायचे, पण निळा खरंच चढलेला असायचा. त्यामुळे बाळाची खोली कोण सजवणार, हा घरात प्रश्नच नव्हता.

"तू नुसती पाय वर करून बस," त्याने बायकोला सांगितलं. "खोली अशी करतो, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत!"

आणि त्याने माळ्यावरच्या पेटीतून गजूशेटला बाहेर काढलं.

गजूशेट म्हणजे तो लहान असताना आईने शिवून दिलेला कापडी हत्ती. एक डोळा बटणाचा, दुसरा दोऱ्याचा. सोंड डावीकडे कललेली, जन्मभर कसलीतरी तक्रार असल्यासारखी. तापात, परीक्षेत, इतकंच काय पण नोकरीच्या मुलाखतीलाही तो पिशवीत लपून हजर होता!

"सगळी खोली याच्याच रंगाची!" रंगराव म्हणाला.

बायकोने मान तिरकी करून पाहिलं. "अरे, पण हा जरा चहा सांडल्यासारखा नाही का दिसत?"

"त्याला ऊब म्हणतात!"

रंगाच्या दुकानदाराने बदामी दाखवला, वाळूचा दाखवला, खारकेचा दाखवला. रंगराव हत्ती शेजारी धरायचा, डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "छे!" अखेर दुकानदार घामाघूम झाला, तेव्हा कुठे हवा तो रंग जमला. रंगाऱ्याने एक भिंत संपवून विचारलं, "साहेब, उद्या यावर कुठला रंग मारायचा?"

"हाच शेवटचा रंग आहे!"

 रंगाऱ्याने शिडीवरून उतरून खिडकीबाहेर बघत डोळे निववले.

मग त्याच रंगाचे पडदे आले, त्याच रंगाची गादी आली, कपाटही त्याच रंगात न्हालं. भिंत कुठे संपते आणि कपाट कुठे सुरू होतं, ते कळेना. रंगरावचा गुडघा दोनदा कपाटावर आपटला. पण कलेपुढे गुडघा काय चीज आहे!

बाळंतपण तोंडावर आलं, तशी मदतीला त्याची आई आली. दुसऱ्या सकाळी रंगराव दूध घेऊन परतला, तर गजूशेटला निजवलेला बाळाचा पाळणा रिकामा! बाल्कनीतल्या दोरीवर मात्र कानांना चिमटे लावलेला एक पिवळाधमक हत्ती लटकत होता. आई न्हाणीघरात, नळ धो धो.

"आई, गजूशेट कुठाय?"

"घाण होती रे नुसती!" आतून आवाज आला. "टाकली काढून एकदाची!"

रंगरावच्या पायाखालची जमीन सरकली. जुना फेकला आणि वर नवा पिवळा आणून टांगला? तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दूध तिथेच टाकून तो जिन्यावरून सुटला.

"थांबा! माझा हत्ती आहे त्यात!"

ड्रायव्हरने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "हत्ती? अख्खा?"

रंगराव केव्हाच वर चढला होता. एक उशी निघाली, फुटका पंखा निघाला, सडक्या टोमॅटोंचं पोतं त्याच्याच अंगावर फुटलं.

"सापडला का हो, माहूत?" ड्रायव्हर खालून ओरडला.

नाही सापडला. खांद्यावर केळ्याची सालं घेऊन रंगराव घरी आला आणि कळवळून म्हणाला, "आई, तू माझं बालपण कचऱ्यात टाकलंस!"

"कचऱ्यात? अरे वेड्या, तुझं बालपण वाळत घातलंय! हात लावू नकोस, ओलं आहे अजून."

त्याने जवळ जाऊन पाहिलं. बटणाचा डोळा. दोऱ्याचा डोळा. डावीकडची सोंड.

"पण हा पिवळा आहे!"

"पिवळाच शिवला होता मी. तू त्याला चिखलातून फरफटवलंस, त्याच्या पोटाला नाक पुसलंस. धुवायला घेतला, की घर डोक्यावर घ्यायचास. मग मीच नाद सोडला."

बायको तोवर उठून आली होती. दोरीखाली धुण्याची बादली तशीच होती. तिने बादलीतल्या मळक्या पाण्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून खोलीच्या भिंतीकडे.

"अरे, काही म्हण, पण रंग मात्र हुबेहूब जुळवलास हं!"

त्याने सवयीने एक डोळा मिटला. केसाइतकाही फरक नव्हता.

बायको हसायला लागली. हसता हसता तिने कठडा धरला, मग पोट धरलं.

"पुरे की आता हसणं!" तो रडवेला झाला.

"मी केव्हाच थांबलेय," ती दात आवळून म्हणाली. "टॅक्सी बोलाव!"

दवाखान्याच्या दारात नर्सने त्याला अडवलं. एकदा वास घेतला, दोन पावलं मागे सरली. "तुम्ही कोण?"

"बाप!"

"असा बाप आत चालणार नाही. आधी आंघोळ!"

आई सुनेबरोबर आत गेली. रंगराव घरी पळाला, साबणाची वडी झिजेपर्यंत अंग घासलं आणि ठिबकत्या केसांनी धापा टाकत परतला. पण लेकीला घाई होती. तोवर ती जगात आली होती, आणि डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी तिला बघूनही घेतलं होतं! बायको दमून, हसऱ्या चेहऱ्याने पडली होती.  त्याने दोन्ही हात पुढे केले.

आईने दुपट्यातलं गाठोडं उचलून त्याच्यासमोर धरलं.

"हे बघ गं छकुले, हे तुझे बाबा. आत्ताच धुऊन आणलेत."