नानांचा पॅसेंजर

जळगावात आमच्या मेहरूणच्या गल्लीत कुणाच्या कुत्र्याने रस्त्यावर घाण केली, की नाना मालकापुढे उभे राहून विचारतात, "तिकीट काढं का?" मालक मोबाइलमध्ये डोकं खुपसून सटकतो. मग नाना स्वतःच ती उचलतात.

नाना बसचे निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी धुळे-जळगाव रस्त्यावर गेली. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात पत्र्याचं खोरणं, म्हणजे छोटं फावडं, आणि पिशवीत कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख. राख भरीतवाल्याकडून आणतात. तो म्हणतो, माझ्या वांग्यांपेक्षा राखेलाच गिऱ्हाईक पक्कं आहे.

राख टाकायची, उचलायचं, आणि खोरणं डब्यावर दोनदा आपटायचं. दोन घंट्या म्हणजे गाडी पुढे. एकच घंटी म्हणजे थांब, कुणीतरी चढायचं राहिलंय. हे नानांनी मला इतक्यांदा समजावलंय, की आता मला कंडक्टरची नोकरी मिळायला हरकत नाही.

गंमत म्हणजे नानांनी कुत्रं पाळलेलं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारं, कान कुरतडलेलं कुत्रं पडलेलं असायचं. नाना त्याला 'पॅसेंजर' म्हणायचे. त्याला अर्धी भाकरी टाकायचे आणि वर शिव्याही द्यायचे. दोन घंट्या वाजल्या, की ते उठून त्यांच्यामागे पुढच्या घाणीपर्यंत चालत जायचं.

या सगळ्याची सुरुवात एका बैठकीत झाली. कॉलनीचे अध्यक्ष चौधरी म्हणाले, रस्ते त्या भटक्या कुत्र्यामुळे घाण होतात, यापुढे घाण दिसली तर टेम्पो बोलावून त्याला बाहेर सोडू. चौधरींचं स्वतःचं कुत्रं वासराएवढं आहे, आणि घाणही त्याच मापाची. एरवी भांडायला एका पायावर तयार असणारे नाना त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघाले. लोकांचं तुम्ही कशाला उचलता, असं मी विचारलं.

"घाण कोनी बी करो भाऊ, नाव यानंच निंघस," ते कुत्र्याकडे बोट दाखवत म्हणाले. "म्हनीसन यानं तिकीट मी काढस."

मग नानांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. धुळ्याला मुलीकडे जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. निघताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्या व्हायला हव्यात, असं बजावलं. मी त्या केल्या. बायको मला आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देईना, पोरं नाक धरून हसायची. पण गल्ली आरशासारखी ठेवली.

तरी एके दुपारी, मी ऑफिसात असताना, टेम्पो आला.

संध्याकाळी मी चौधरींना जाब विचारला. घाण दिसली नव्हती, हे त्यांनी लगेच कबूल केलं. पण नाना परत आले की कोण तोंडाला लागणार, म्हणून ते नाहीत तोवर उरकून घेतलं, म्हणाले. कुत्रं नशिराबादच्या पुढे हायवेला सोडलं होतं. मी स्कूटर काढून गेलो. ट्रकमागून ट्रक चालले होते. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या, ते काही सापडलं नाही. चौधरींचा राग मला तेव्हा आला, तो अजून गेलेला नाही.

नाना काळा चष्मा लावून परतले. मी दारातच सगळं सांगितलं. वाटलं, आता चौधरींच्या दारात जाऊन गल्ली डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त विचारलं, "रस्ता साफ व्हता ना?"

"होता, नाना. दोन्ही वेळ."

नानांनी माझ्याकडून डबा परत घेतला. मग हळूच म्हणाले, "तिकीट तर काढेल व्हतं."

मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन बाहेर पडले. चौधरींच्या फाटकासमोर ताजी घाण होती. त्यांनी राख टाकली, उचललं, आणि खोरणं डब्यावर एकदा आपटलं. मी दुसऱ्या घंटीची वाट पाहत राहिलो. ती वाजली नाही. नाना कोपऱ्याकडे तोंड करून, खोरणं तसंच हातात धरून उभे राहिले.