सलीमचाचांचा रशियन कवी

परंड्यात सलीमचाचांच्या स्कूटरवर मागं बसायचं तर आधी एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. "रागात न्हाय ना?" आपण नाही म्हटलं तरी चाचा वळून एकदा तोंड बघतात आणि मगच किक मारतात.

या चौकशीमागं एक रशियन कवी आहे. चाचा वाचनालयात नोकरीला होते, तिथं तो त्यांना पुस्तकात भेटला. कवी, शिवाय नाटककार. बायकोवरून साडूशी बिनसलं, पिस्तुलं निघाली आणि चाळिशी न गाठताच गेला. कुठंही भांडण लागलं की चाचा मध्ये शिरून हे सगळं पहिल्यापासून सांगतात. एकदा कुर्डुवाडीच्या एसटीत खिडकीच्या जागेवरून दोघं हातघाईवर आले. चाचांनी कवीचं लग्न लावायला घेतलं. गोळी सुटेपर्यंत त्यातल्या एकाचं गाव मागं राहिलं होतं.

चाचांचा राग मारणाऱ्यावर नाही, कवीच्या बायकोवर तर नाहीच. तो आहे कवीला बर्फातल्या मैदानावर घेऊन जाणाऱ्या दोस्तावर.

"आधी दोघं हाटेलात भेटले व्हते. कवी सरबत प्याला. दोस्तानं म्हणायचं न्हाय, आणखी एक घे? डोकं थंड झालं असतं की! एवढी नाटकं लिव्हली बिचाऱ्यानं, आन् दोस्त असला अक्कलशून्य!"

म्हणून चाचांकडं कुणाचीही एका चहावर सुटका होत नाही.

परवा सामाईक बोअरच्या पाण्यावरून माझं धाकट्या भावाशी फोनवर वाजलं. मी तणतणत चाचांकडं गेलो.

"चाचा, मळ्यात सोडा मला. आज सोक्षमोक्षच लावतो त्याचा."

"रागात न्हाय ना?"

"आहे!"

त्यांनी किल्ली खिशात टाकली. चाचींनी न सांगता चहा आणला. मी एक कप संपवला, दुसराही संपवला. आता गोष्टीतला बर्फ पडणार म्हणून वाट बघत बसलो, पण कवी काही आला नाही.

"आमचा युसूफ," चाचा म्हणाले. "धाकटा भाऊ. लग्नात कुणी टाकून बोललं म्हणून जाब विचारायला भूमला निघाला. लई तापला व्हता. तिथं काठ्या चालल्या. घरी मय्यतच आली."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "एकटेच गेले होते?"

"एकटा कुठला," चाचा स्कूटरकडं बघत म्हणाले. "म्याच सोडलं त्याला. याच गाडीवर."

मी रिकामा कप पुढं केला.

"चाचा, आणखी एक."