पंधरा ओळींच्या आत

मेहुण्याच्या सहीवाचून आपलं काम अडावं, हे जावईबापूंच्या पचनी पडत नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्यांना नंबर देणारा प्रोग्रॅम त्यांनी कधीकाळी लिहिला आणि जगाला फुकट वापरायला दिला. आता एक संस्था तो गावोगावच्या दवाखान्यांत बसवणार होती, वर कर्त्याचं नाव घालून. अट एकच: ज्यांचा ज्यांचा हक्क लागतो, त्यांच्या सह्या आणा.

"त्याची कसली सही?" ते संस्थेच्या वकीलबाईंना फोनवर म्हणाले. "बायकोचा भाऊ तो. आला की चहा पिता पिता एखादी ओळ दुरुस्त करायचा."

"पंधरा ओळींच्या आत असेल तर आम्ही सही मागत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण बारीकसारीक दुरुस्त्या साठत गेल्या, की बेरीज धरतो."

"नियम कडकच पाळा. पंधराच्या आतल्यांचं नाव कशाला? फार तर आभारात घालू."

भाजी निवडत बसलेली बायको म्हणाली, "अहो, एक फोन करा ना त्याला. तो काय नाही म्हणणार आहे?"

"विचारलं की तो भागीदार झाला. त्यापेक्षा त्याच्या ओळीच काढून टाकतो."

कोणती ओळ कुणाची, याची नोंद कॉम्प्युटरकडे होतीच. जावईबापूंनी मेहुण्याच्या तेवढ्या उडवल्या. किती उडाल्या, हे बघायच्या फंदात ते पडले नाहीत. नवा प्रोग्रॅम त्यांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात लावूनही टाकला.

दुपारी डॉक्टरांचा फोन. "तुमचा प्रोग्रॅम नुसतं 'नमस्कार, कृपया बसून घ्या' म्हणतोय. लोक सकाळपासून बसलेत. नंबर कुणालाच नाही. काहींचा ताप उतरला, ते घरी गेले."

झक मारत मेहुण्याला फोन लावावा लागला.

"लावलं पहिल्यासारखं," थोड्या वेळाने मेहुणा म्हणाला. "पण भावजी, माझं सगळं काढलंत कशाला?"

"जरा साफसफाई करत होतो."

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "कुणाच्या किती ओळी, ती नोंद बघितली. मेहुण्यांची सही लागेल. दुसरे एक आहेत, त्यांच्या ओळी आता नमस्कारापुरत्याच उरल्यात. त्यांची नको."

"दुसरे कोण?"

"तुम्ही. नियम कडक पाळायचा ना?"

जावईबापूंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून घेतलं. मग ते बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाशी जरा बोलतेस? माझ्या नावाचं बघ म्हणावं."

ती बोलली. फोन स्पीकरवर होता.

"ताई, हे काय सांगायला हवं?" मेहुणा मनापासून म्हणाला. "भावजींना विसरेन का मी? आभारात सगळ्यात वर घालतो."