दामूनानांच्या गिरणीतला तांदूळ

दामूनानांबद्दल लिहा, असं मला आजवर दोन-तीन जणांनी सांगितलं. मी दर वेळी टाळलं. त्यांच्या गमती सांगायला मलाही आवडलं असतं, पण त्या सांगता सांगता मी एका प्रसंगाशी येऊन अडलो असतो, आणि त्या प्रसंगात चूक माझी आहे. आता माझी पंचाहत्तरी उलटली. नाना जाऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा काही न लपवता सांगतो.

दामूनाना जीभ बघितल्याशिवाय कुणाचं भात भरडून देत नसत.

टोकावड्याला मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांची भातगिरणी होती. समोर आमचं पोस्ट. मी तिथला पोस्टमास्तर. नव्वद सालानंतरची गोष्ट. भाताचं पोतं डोक्यावर घेऊन एखादी बाई आली, की नाना पट्टा चढवायच्या आधी तिला उजेडाकडे तोंड करायला लावत.

"जीभ दाखव गो. पांढरी पडलीय. रात्री काय खाल्लं?"

"भात न् बटाट्याची भाजी."

"आणि पालेभाजी?"

"नाय."

"मग पोटात कामाला कुणाला लावलंस? कोंडा ठेवून देतो, गुमान शिजव."

आणि खरंच तिच्या तांदळावर लालसर कोंडा ठेवत. जिची जीभ गुलाबी, तिला थोडा साफ तांदूळ मिळे, बक्षीस म्हणून. पांढराशुभ्र मात्र कुणालाच नाही. लोक म्हणत, नाना, दोनदा काढून द्या की. नाना म्हणत, दुसऱ्यांदा काढला की तांदूळ उघडा पडतो, आणि उघड्या माणसाकडून मी काम करून घेत नाय.

गिरणीच्या पत्र्याच्या दारावर त्यांनी खडूनं वेळापत्रक लिहिलं होतं. वाटसरूंना ते एसटीचं वाटे. जवळ जाऊन वाचलं की कळे, हे रात्रीच्या जेवणाचं आहे. सोमवारी नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. मंगळवारी वालाचं बिरडं. बुधवारी कुळथाचं पिठलं, सोबत कच्ची काकडी, सालासकट. पावसाळ्यात रानात टाकळा आणि कुर्डू उगवला की वेळापत्रक बदले आणि खाली सूचना येई, 'जून झालेला टाकळा आणू नये, कोवळा खुडावा.' शनिवारपुढे फक्त 'मोड' एवढंच लिहिलेलं असे. मटकी, मूग, चवळी, ज्याच्या घरी जे असेल ते भिजवून मोड आणायचे.

भर रात्रीच्या जेवणावर का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्या टेबलावरच्या टपालाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "मास्तर, रात्री टाकलेलं सकाळी पोचायलाच पायजे. तुमचं खातं काय नि माझं काय, काम एकच."

माझं खातं मात्र पोचवत नव्हतं. दिवसभर स्टुलावर बसून काम, वर चहा, रात्री पांढरा भात आणि वरण. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नानांनी रस्त्यापलीकडून ओळखलं. एके दिवशी खिडकीत येऊन हळूच म्हणाले, "तुमी स्टुलावर तिरके का बसता?" मी सरळ बसून बघितलं आणि लगेच पुन्हा तिरका झालो. ते समजून गेले.

त्याच संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात हजर. आमच्या हिनं चपातीचं पीठ चाळून ठेवलं होतं. नानांनी परातीतला कोंडा परत पिठात ओतला आणि चाळण काखेत मारून चालते झाले. दुसऱ्या दिवशी ती गिरणीच्या भिंतीवर टांगलेली दिसली. शेजारी आणखी आठ-दहा चाळणी होत्या. गावातल्या निम्म्या बायका नानांवर चाळणीपायी रागावलेल्या होत्या, आणि त्यांचे नवरे खूश होते.

आठवडाभर मी वेळापत्रकाप्रमाणे जेवलो. भाकरी, पाला, बिरडं, झोपताना पेरू, वर तांब्याभर पाणी. रोज सकाळी सहाला नाना रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ओरडून विचारत, "मास्तर, पोचलं का?" कल्याणच्या गाडीची वाट बघणारी माणसं माझ्या उत्तरासाठी थांबत. आठव्या दिवशी मी मान डोलावली. नानांनी थांब्यावरच्या सगळ्यांना पेरू वाटले. मला आठवडाभर रस्त्यावर तोंड दाखवायची लाज वाटली, पण स्टुलावर मात्र मी तेव्हापासून सरळ बसू लागलो.

नाना एकटे राहत. लग्न झालं नव्हतं, का ते मी विचारलं नाही. संध्याकाळी गिरणी बंद झाली की अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते कुणा ना कुणाच्या घरी 'पाहणीला' जात. हातात शेवग्याचा पाला नाहीतर काकडी. ताटं वाढली जात असतानाच पोचत. प्रत्येक ताटात डोकावत, मुलांना भाजी संपवायला लावत, म्हातारीला भाकरी दुधात कुस्करून देत. घरचे म्हणत, नाना, बसा आता. नाना म्हणत, मी फक्त बघायला आलोय. मग बसत. आज या घरी, उद्या त्या घरी. मला बरीच वर्षं वाटे, की गावाला जेवायला शिकवणारा हा माणूस स्वतः घरी काय काय शिजवत असेल. एकदा त्यांच्या खोलीवर गेलो तर चुलीवर उंदरांनी माती काढलेली. तिथे कित्येक महिन्यांत काही शिजलं नव्हतं. गावातलं प्रत्येक ताट हीच त्यांची चूल होती.

आता तो प्रसंग.

माझ्या मंदाचं लग्न शहापूरला ठरलं. माणसं चांगली, पण मुलाच्या काकांचा तोरा मोठा. बोलणी करतानाच त्यांनी सांगितलं, जेवणात तांदूळ पांढराशुभ्र हवा, आमच्याकडे लाल भात कुणी पानात घेत नाही. मी बरं म्हणालो.

आमच्याकडे लग्नाचं भात गावच्याच गिरणीत भरडायची रीत. पहिलं पोतं घेऊन बायका गाणी म्हणत जातात, गिरणीला हळदकुंकू लावतात. आम्हीही गेलो. नानांनी गिरणी धुऊन पुसून, आंब्याचं तोरण लावून ठेवली होती. मंदाची जीभ त्यांनी त्या दिवशी बघितली नाही. म्हणाले, नवरीला माफ. पहिलं पोतं भरडलं आणि मला म्हणाले, बाकीची पाच पोती सावकाश आणा, मी दोन दिवस दुसऱ्या कुणाचं भात घेत नाय.

ती पाच पोती मी पहाटे टेम्पोत घालून मुरबाडला नेली. तिथे पॉलिशची गिरणी होती. तांदूळ निघाला मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. नाना दोन दिवस गिरणी मोकळी ठेवून बसले. आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. मी पोस्टाच्या खिडकीतून हे बघत होतो आणि खिडकीचं एक दार लोटून घेत होतो.

लग्नाच्या दिवशी नाना सकाळपासून मांडवात. शहापूरच्या वऱ्हाडातल्या प्रत्येकाला त्यांनी पोटाबद्दल विचारलं. मुलाच्या काकांनाही. काका असे तांबडे झाले, की मला तिथून नानांना वाढायच्या कामावर पाठवावं लागलं. त्यांनी भाताची बादली उचलली. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ज्यानं जन्मभर भात भरडलं, त्याला हा दाणा आपल्या गिरणीतला नाही, हे ओळखायला किती वेळ लागतो? बादली सावरून ते वाढायला निघाले.

वैशाखातलं ऊन. मठ्ठा आदल्या दुपारचा होता. आचाऱ्यानं मला दोनदा विचारलं होतं, टाकून नवा करू का. राहू द्या, आंबट चांगला लागतो, असं मीच म्हणालो होतो. शेवटची पंगत बसेपर्यंत पहिल्या पंगतीतली माणसं तांब्या शोधत शेताकडे पळू लागली. त्यांत काका होते. दुसऱ्यांदा परत आले ते कमरेवर हात ठेवून मांडवाच्या मधोमध उभे राहिले.

"हाच ना तो गिरणीवाला, सकाळपासून लोकांची पोटं विचारत फिरतोय? तांदूळ याच्याकडचा होता का?"

वाढणारे जागच्या जागी थांबले. मंदा बोहल्याशेजारी उभी होती, सासरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. काका म्हणत होते, सांगा व्याही, नाहीतर आम्ही मुलीला न घेता निघतो. मुरबाडचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न मठ्ठ्यावर आला असता.

मी म्हणालो, "हो. तांदूळ त्यांच्याकडचाच."

नाना बादली घेऊन दोन हात अंतरावर उभे होते. बादलीत तो पांढरा, कोंड्याचा कणही नसलेला भात. कुणीही वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं. कुणी वाकलं नाही. नानांनी मंदाकडे बघितलं. मग बादली खाली ठेवली, काकांपुढे हात जोडले.

"माझाच तांदूळ. कोंडा जरा जास्त राहिला असंल. पोरीच्या घरच्यांची चूक नाय."

मंदा संध्याकाळी सासरी गेली. तिचं तिथे सगळं चांगलं झालं. दोन मुलं आहेत, मोठा आता नोकरीला आहे.

नानांचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. लोक भात मुरबाडला नेऊ लागले. ते एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी धुतलेला सदरा घालून नाना निघाले, की घराघरांतून उत्तर येऊ लागलं, नाना, आज आमचं आधीच झालं. काही महिने ते तरी जात राहिले. मग सदरा घालून पोस्टाच्या बाकावर येऊन बसत. माझ्या नावाचं काही आलंय का, असं विचारत. त्यांना कधीच काही येत नसे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ही मला म्हणायची, "तुमी एकदा सांगून टाका ना गावाला." मी म्हणायचो, मंदाला रुळू दे. ती रुळली. मग म्हणायचो, बाळंतपण होऊ दे. आणि नानांना जेवायला बोलावायचं धाडस मला झालं नाही, कारण समोर बसून ते माझ्या ताटात बघतील, आणि मला त्यांच्याकडे बघावं लागेल.

पुढे गिरणी विकून ते वैशाखऱ्याला बहिणीकडे राहायला गेले. मी निवृत्त झालो त्या वर्षी, एकदाचं सांगून टाकायचं ठरवून, एसटीनं वैशाखऱ्याला गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. नाना, मी खोटं बोललो. नाना, तुम्ही माझं घर वाचवलंत आणि मी तुमचं मोडलं. नाना, मला माफ करा.

नाना खूप वाळले होते, पण मला बघून उठून उभे राहिले. लगेच ताटं मांडायला लावली. बहीण, भाचा, भाचेसून, सगळे ओळीनं बसलो. नाना भाचेसुनेला म्हणाले, हे टोकावड्याचे मास्तर. यांच्या मंदाच्या लग्नाचा तांदूळ माझ्या गिरणीतला.

भाचेसून हसली. "म्हंजे मामा, तुमच्या तांदळानं वऱ्हाड पळालं, तेच ना लगीन?"

"तेच. पळालं, पण एकाचं तरी पोट अडलं का?" नाना म्हणाले, आणि सगळं घर हसायला लागलं. ती गोष्ट त्या घरात अनेकदा सांगितली गेली होती, हे हसण्यावरून कळत होतं. नानाही हसत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिची अशी गोष्ट करून टाकली होती, की आता ती खोटी आहे असं म्हणणं म्हणजे त्यांच्याच माणसांसमोर त्यांना खोटं पाडणं होतं. का मी तेव्हाही स्वतःला वाचवत होतो? हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

नानांनी माझ्या पानात आणखी एक पळी भाजी वाढली आणि माझ्याकडे बघत थांबले. मला वाटतं, त्यांना कळलं होतं मी कशाला आलोय. हसणं ओसरलं होतं. बोलायला जागा होती.

मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "भाजी चांगली झालीय."