टोचणरावांची घंटा आणि बिबट्याची दुरुस्ती

मुलांनो, एका जंगलात वाघ नव्हता, राजाही नव्हता, पण घरोघरी संगणक मात्र होते. सशाकडे होता, अस्वलाकडे होता. मुंगसाने तर केवळ सापाला जळवायला घेतला होता.

तिथे टोचणराव नावाचे सुतार पक्षी राहायचे. ते प्रोग्रामर होते. दिवसभर चोचीने टकटक, टकटक. पाणवठ्यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. बिबट्या दिसला की घंटा वाजायची आणि पाणी प्यायला आलेले सगळे पळायचे.

आता, प्रत्येक संगणकात एक मुकादम बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तो हो म्हणेल तेव्हाच बाकीचे प्रोग्रॅम हलतात. या जंगलात सगळ्यांकडे 'गजकर्ण आणि कंपनी'चा मुकादम होता. कंपनी हत्तींची होती. नावाला हसायचं नाही. मुकादम दिसायला गुळगुळीत होता आणि त्याच्यावर लाखेचं सील होतं.

एका सकाळी बिबट्या आला. टोचणरावांच्या प्रोग्रॅमने त्याला बरोबर ओळखलं. आता घंटा वाजणार, तेवढ्यात पाणवठ्यावरची स्क्रीन निळी झाली. तिच्यावर अक्षरं उमटली, 'सुधारणा चालू आहेत. कृपया जागचे हलू नका.'

नीलगायआत्या शिकलेल्या होत्या. त्यांनी ते वाचलं आणि त्या हलल्या नाहीत. बिबट्याचा पंजा पाठीवरून ओझरता गेला, तेव्हा मात्र त्या अशा हलल्या की थेट नदीच्या पलीकडे निघाल्या.

त्यांच्या पाठीवरचे ओरखडे पाहून टोचणरावांना घास गिळवेना. ते कंपनीच्या तक्रारी ऐकणाऱ्या बगळ्याकडे गेले.

"आत नक्की काय झालं ते मला बघायचंय."

"आत बघता येत नाही," बगळा म्हणाला. "संगणक बंद करून परत चालू करा."

"केला."

"मग परत करा."

"अहो, मी सुतार पक्षी आहे. भोक पाडून आत बघणं हाच माझा धंदा आहे."

"म्हणूनच तर सील आहे," बगळा म्हणाला आणि त्याने पाय बदलला.

टोचणराव तडक वडाखाली गेले. तिथे दुसराच एक मुकादम मिळायचा. वानरांनी त्याची सुरुवात केली होती, खारींनी भर घातली होती, मग ज्याला जे सुचलं ते त्याने चिकटवलं होतं. दिसायला ओबडधोबड, पण उघडा. कोणीही आत बघावं, कोणीही बदलावं, बदललेलं चार जणांना द्यावं.

"फुकट मिळतो म्हणून घेताय का?" नीलगायआत्यांनी विचारलं.

"नाही आत्या. उघडतो म्हणून."

नवा मुकादम बसवला. रानडुकराला चिखलाचे ठिपके लावून पाणवठ्यावरून चालवलं. प्रोग्रॅमने त्याला बिबट्या म्हणून ओळखलं. डुक्कर फार खूश झालं. पण घंटा वाजली नाही.

"आवाजच येत नाही. म्हणजे आत बघावं लागणार," टोचणराव म्हणाले. टोचणबाईंनी पाहिलं, तर लग्नानंतर प्रथमच नवऱ्याचा चेहरा एवढा फुलला होता.

आवाजाचा भाग एका बेडकाने लिहिला होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडे तर येतो." घुबडाने डोळे न उघडताच विचारलं, "माहितीपुस्तिका वाचली का?" दोन वानर तर घंटेला घंटा म्हणावं का यावरून एकमेकांच्या शेपट्या ओढायला लागले.

शेवटी टोचणरावांनी स्वतःच चोच घातली. बेडकाने आवाज फक्त पावसाळ्यापुरता चालू ठेवला होता. त्याला एरवी आवाज लागायचाच नाही. टोचणरावांनी ती ओळ काढली आणि घंटा अशी वाजली की डुक्कर पाण्यात पडलं. मग त्यांनी आपला प्रोग्रॅमही वडाखाली सगळ्यांसाठी उघडा ठेवला.

तेव्हापासून बिबट्या आला की घंटा वाजायची आणि पाणवठा रिकामा व्हायचा. बिबट्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. एका दुपारी तो वडाखाली येऊन उभा राहिला.

"हा प्रोग्रॅम कोणालाही बघता येतो म्हणे."

टोचणरावांनी आधी बिबट्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे. याने वाचला तर घंटा कशी चुकवायची ते याला कळणार. मग आत्यांचं काय? पण कोणीही म्हणजे कोणीही. त्यांनी संगणक पुढे सरकवला आणि स्वतः सर्वांत वरच्या फांदीवर जाऊन बसले.

बिबट्या वाचू लागला. थोड्याच वेळात तो गुरगुरला.

"हे काय लिहिलंय? 'मांजर, मोठं, ठिपकेवालं'?"

"तुम्हाला ओळखण्यासाठी आहे ते," वरून आवाज आला.

"मी मांजर?"

"नावं देणं मला जमत नाही हो, बिबटेराव. तुम्हीच दुरुस्त करा. इथे सगळ्यांना मुभा आहे."

बिबट्याने तिथे 'बिबट्या' असं लिहिलं. मग त्याच्या लक्षात आलं, की डावीकडून आलं तर प्रोग्रॅम त्याला ओळखतच नाही. हा तर अपमानच होता. त्याने तेही सुधारलं. आपली चाल नीट बसवली. शेपटीचं वर्णन घातलं, जरा सविस्तरच. एक वानर म्हणालं, "एवढी शेपटी कशाला?" त्याला उत्तर द्यायला म्हणून बिबट्या खाली बसला.

तो उठलाच नाही. नीलगायआत्या पाणी पिऊन परतताना वडाजवळून गेल्या. त्यांना राहवलं नाही.

"काय बिबटेराव, आज शिकारीला नाही गेलात?"

"एक मिनिट," बिबट्या मान वर न करता म्हणाला. "आवाजात अजून एक घोळ सापडलाय."

टोचणराव एक फांदी खाली उतरले. मग आणखी एक. शेवटी ते बिबट्याच्या खांद्यावर येऊन बसले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ही ओळ चुकीची आहे."

"कोण म्हणतं?" बिबट्या म्हणाला, आणि दोघांचं जे जुंपलं ते संध्याकाळ झाली तरी मिटलं नाही.

तात्पर्य : बिबट्या समोर आला तर पळू नये. त्याला आपला प्रोग्रॅम उघडून दाखवावा आणि चुका काढायला सांगावं. तुम्हाला खायला आलो होतो, हेच तो विसरून जाईल. मात्र त्यानंतर तो घरी जाईल, अशी आशा धरू नये.