होल्डसाहेबांची छत्री

२०२३ साल. मला पंचाहत्तरावं लागलं होतं. एप्रिलातली टळटळीत दुपार, आणि आमच्या चांदीप गावच्या मोकळ्या शेतात एक माणूस काळी छत्री धरून ओणवा उभा! स्वतःचं टक्कल उन्हात, छत्री खाली जमिनीवर. सावलीत कोण? तर एक ढेकूळ.

बरं, शेत कोणाचं? माझं!

हा माणूस म्हणजे दळवी. विरारला फ्लॅटमध्ये एकटा राहतो आणि रिक्षा करून आमच्या शेतांत हिंडायला येतो. जन्मभर मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होता. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. कोणी काही बोललं की एक बोट वर करून म्हणणार, "जरा होल्ड करा हं." एकदा म्हैस अंगावर आली, तिलाही होल्ड करा. आमच्या मंडळींनी चहा पुढं केला तर होल्ड करा म्हणून आभाळातच बघत राहिला. चहाचं पाणी झालं. तेव्हापासून गावात त्याचं नाव होल्डसाहेब. आमच्या पडवीच्या भिंतीवर खडूनं आपला नंबर लिहून गेला होता, "पाखरू दिसलं की फोन करा." मी कशाला करतोय!

त्याचं पाखरू म्हणजे डोंबारी चंडोल. आम्ही त्याला नुसती मातीची चिमणी म्हणायचो आणि पुढं जायचो. पण दळवीनं माझी मान धरून वर दाखवलं तेव्हा मीही बघत राहिलो, खोटं कशाला लिहू? नर एवढासा, पोट काळं कुळकुळीत, गाल पांढरे, डोक्यावर राख फासल्यासारखी. शेतातून सरळ वर जातो, आणखी वर जातो, आणि पंख मिटून दगडासारखा खाली! आता आपटला म्हणावं, तर जमिनीजवळून उसळून पुन्हा वर. पडताना लांबलचक शीळ. शीळ आली की दळवी कानाला हात लावून म्हणणार, "बोला!"

तर त्या दुपारी मी काडेपेटी घेऊन गेलो होतो. आमच्याकडं पावसाआधी राब भाजतात. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. गावात पहिला राब आमचा, ही माझ्या बापापासूनची रीत. माझा पाला रचून तयार होता. आणि नेमक्या त्याच तुकड्यात, ढेकळाच्या आडोशाला, म्हशीच्या खुराच्या खळग्यात घरटं! मातीच्याच रंगाची दोन अंडी.

"पाटील, राब जरा होल्ड करा."

"पाऊस होल्ड करनार काय तुमी? बाजूला व्हा."

"अंडी आहेत हो!"

"मंग मी काय करू? माझं शेत, माझी काडी!"

"आधी मला पेटवा."

"तुमाला पेटवून रोप येनार नाय."

माझ्यापुढं चालेना तेव्हा तो पाखरावरच घसरला. "तो बघा नालायक! वर कसरती चालल्यात. खाली बायको एकटी उन्हात. एकदा तरी घरात पाय ठेवतो का? म्हणून मी छत्री धरतो."

माझं टाळकं फिरलं. छत्री हिसकावली, मिटली आणि बांधावरच्या चिंचेखाली चालू लागलो. छत्रीमागं दळवी. तिथं आम्ही असे भांडलो की खाडीपलीकडं ऐकू गेलं असेल. मध्येच त्याचं बोट वर गेलं.

"होल्ड करा!"

ढेकळांतून मातकट मादी तुरुतुरु आली. अंड्यांवर बसली नाही, उभी राहिली. दोन्ही पंख अर्धे उघडले. खाली सावली! अहो, पाखराची स्वतःची छत्री होती!

मग वरचा डोंबारी उतरला. घरट्यापासून लांब उतरला, आणि गुपचूप चालत, ढेकळांच्या आडून तिच्यापर्यंत आला. ती उठली, उडाली. तो तिच्या जागी उभा राहिला आणि तसेच पंख उघडले.

"हात तिच्या!" मी मांडीवर थाप मारली. "तो येतो हो! तुमच्या छत्रीला भिऊन दोगं लांब राहत होती! उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्याला."

मला वाटलं, दळवी नाचेल. त्यानं मिटलेली छत्री उचलून मांडीवर घेतली. 

म्हणाला, "माझी बायको सुमनही ऑपरेटरच. मुलगी लहान होती, म्हणून माझी दिवसपाळी, तिची रात्रपाळी. ती आली की मी निघायचो. दारातच भेट. घराची किल्ली तिच्या हातात दिली की झालं. ती काही सांगायला लागायची. मी म्हणायचो, रिटायर झालो की बसू बोलत, तोवर होल्ड कर."

  सुमनबाई त्याच्या फ्लॅटात नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.

घरी आलो तर मंडळी दारातच. "झाला राब?"

"जागा बदलली. त्या तुकड्यात पानी साचतं."

"इतकी वर्सं साचलं नाय ते?"

"यंदा साचंल!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सगळा पाला भारे करून पलीकडच्या तुकड्यात नेला. तोवर गावात दुसऱ्याच्या राबाचा धूर वर गेलेला. जाऊ दे. चिंचेखाली दोन गोणपाटं अंथरली, घरी आलो, पडवीतला खडूचा नंबर बघून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"हॅलो? कोण? कोण बोलतंय?"

"पाटील. लवकर या. त्यांची ड्यूटी बदलायची वेळ झाली."